आबांच्या पसंतीचा खाकी

आख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात माझ्या साडूंइतका बिनकामाचा माणूस शोधून सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका मान मिळवलेला जावईही सापडायचा नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा मावतात हे कोडं मी गेली कित्येक वर्षं सोडवतो आहे. मी रंगाचा व्यापारी. उचगावातून सायकलच्या हँडलला रंगाचे डबे लटकवून शहरात यायचो, तिथून सुरुवात करून शाहूपुरीत स्वतःचं दुकान केलं. वडील मी सहावीत असताना गेले, त्यामुळे पाठीवर हात ठेवणारं कुणी नव्हतं. जे केलं ते भांडून आणि घासाघीस करून केलं. एका पंख्यासाठी मी एकाच दुकानाच्या पायऱ्या चार वेळा उतरलो आहे आणि चारही वेळा दुकानदाराने हाक मारून मला परत वर घेतलं आहे. माझा आवाज मोठा, राग त्याहून मोठा, आणि कुठलाही रंग नुसत्या नजरेने जुळवून देणारा माणूस म्हणून गावातले पेंटर माझं नाव घेतात. असा मी धाकटा जावई. आणि थोरले जावई म्हणजे हे आमचे साडू, ज्यांना जन्मात एकदाही भाव करता आला नाही.

साडू एका सरकारी कचेरीत नकाशे काढायला होते. रेघ अशी ओढायचे की सुतारानेही मान खाली घालावी. पण कचेरीच्या बाहेर या गृहस्थाचा जगाला काडीचा उपयोग नव्हता. त्यांची मोपेड म्हशीच्या चालीने चाले, आणि यात मी तिखटमीठ लावत नाही. गंगावेशीत धारा काढायला म्हशी येतात, त्यांच्या मागे एकदा हे लागले. हॉर्न वाजवला तर म्हशी बिचकतील आणि दूध चोरतील म्हणून हॉर्न वाजवला नाही; शेवटी म्हशींच्या मागोमाग धारांच्या कट्ट्यावरच पोचले. गवळ्याला वाटलं गिऱ्हाईक आलं. त्याने फेसाळ दुधाचा पेला हातात दिला, आणि नाही कसं म्हणायचं म्हणून यांनी तो घेतला. पुढे तीन महिने रोज घेतला. जेवताना पांढरा रस्सा आधी, तांबडा नंतर, आणि मध्ये मोजून सात मिनिटं. माझ्या लग्नानंतर मटणाचं जेवण होतं, त्यात हे मनगटावरचं घड्याळ काढून ताटाशेजारी ठेवून बसले आणि आख्खी पंगत हात आवरून यांची सात मिनिटं संपायची वाट बघत राहिली. लग्न माझं होतं. तरी सासरे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थोरल्या पावण्यांचं सगळं शिस्तीत असतंय." माझी पानसुपारी त्या दिवशी गोड लागली नाही.

आंब्याचं तर विचारू नका. एकदा आम्ही दोघे लक्ष्मीपुरीत आंबे घ्यायला गेलो. मी अर्धा तास बोललो. आंब्यावर डाग दाखवले, पेंढा ओला दाखवला, शेजारच्या गाडीकडे दोनदा चालू लागलो, घसा बसला, तेव्हा कुठे बागवान जरासा खाली आला. तेवढा वेळ साडू पाटीकडे बघत उभे होते. मग त्या बागवानाला म्हणाले, "मामू, खालचा थर काढू नका हं. रचना फार सुंदर झालीय. बिघडंल." बागवानाने त्यांच्याकडे पाहिलं, हसला, आणि मला दिलेल्या भावातच त्यांना चार आंबे वर घातले. मला नाही घातले. परत येताना हे मला म्हणतात, "पावणं, तुम्ही छान बोलता. मला ऐकतच राहावंसं वाटलं."

आता सासऱ्यांविषयी सांगितलं पाहिजे, कारण सगळं दुखणं तिथेच आहे. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. शाहूवाडीच्या डोंगरात त्यांचं गाव, चार वावरं भाताची, आणि पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त. तरुणपणी मोठ्या लढाईत इटलीपर्यंत जाऊन आले होते, पण त्याविषयी कुणी विचारलं तर "काय सांगायचं त्यात" म्हणून उठून बैलांना वैरण घालायला जायचे. घरात पलटणीतला एक फोटोसुद्धा नव्हता. बोलणं मोजकं. 'शाब्बास' हा शब्द त्यांच्या तोंडून मी तोवर दोनदाच ऐकला होता: एकदा बैलाला, आणि एकदा साडूंना, वाऱ्यापावसातून छत्री उलटू न देता आणली म्हणून. मला तो शब्द हवा होता. पन्नाशी उलटल्यावर कबूल करायला लाज कसली? मी त्यांच्या विहिरीला पंप बसवून दिला. "बरं झालं," म्हणाले. सोप्यात ठेवायला सोफा नेला. "बरं हाय." त्यावर बसले मात्र नाहीत, त्यांची आपली लाकडी खुर्ची, आणि तिच्या उजव्या अंगाला दुसरी खुर्ची, ती थोरल्या पावण्यांची. मी सोफ्यावर. शेवटी एका गुढीपाडव्याला चांगला मोठा रंगीत टीव्ही घेतला, भाव पाडता पाडता दुकानदाराला घाम फोडून घेतला, स्वतः जीपमध्ये मांडीवर धरून डोंगरात नेला. आबांनी टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं."

त्याच वर्षी साडूंच्या घरी तो शिपाई आला. साडूंचा विलायतेत एक पत्रमित्र होता, वीस वर्षं दोघे एकमेकांना तिकिटं पाठवत असत. त्याला यांनी कधीतरी सासऱ्यांविषयी लिहिलं असावं. त्याने कापसात गुंडाळून एक शिपाई पाठवला. शिशाचा, दोन बोटं उंच, बिनरंगाचा, डोक्यावर लोखंडी टोप, पाठीवर पिशवी, हातात बंदूक, पुढे वाकून चाललेला. सोबत चिठ्ठी, की हा तुम्हीच रंगवावा आणि रंगवून झाल्यावर फोटो पाठवावा. साडूंनी आयुष्यात असली बाहुली रंगवली नव्हती, पण त्या दिवसापासून त्यांच्या घरात दुसरं काही झालं नाही. मेहुणीच्या नखं घासायच्या कानशीने शिपायाच्या अंगावरची ओतकामाची रेघ घासली. त्याला साबणाने आंघोळ घातली. सगळ्यात बारीक ब्रश आणून त्याचे केस उपटून तीनच ठेवले. टेबल हलू नये म्हणून घरात मिक्सर लावायला बंदी आली, आणि मेहुणी पंधरा दिवस पाट्यावर चटणी वाटत होती. श्वास रोखून त्यांनी पहिल्यांदा डोळे काढले, तेव्हा तो शिपाई मंडईत पाकीट मारलं गेल्यासारखा दिसायला लागला. ते पुसून पुन्हा काढले, तर एक डोळा पन्हाळ्याकडे आणि एक जोतिबाकडे. शेवटी आबांकडे घेऊन गेले. आबांनी टोपाच्या कडेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "टोप घातलेल्या माणसाचं डोळं दिसत न्हाईत. सावली दिसती." मग साडूंनी डोळे पुसले आणि तिथे नुसती सावली ठेवली. लढाईविषयी आबा कुणाशी बोललेलं हे पहिलं वाक्य. ते वाक्य मी आणलेल्या सोफ्यावर बसून मी ऐकलं.

मग खाकीची पाळी आली, आणि त्यात मी ओढला गेलो. साडू दुकानात आले आणि बाहेरूनच म्हणाले, "पावणं, एक थेंब खाकी मिळंल काय?"

"दाजी, मी वीस लिटरच्या बादल्या विकतो."

"मग त्यातलाच एक थेंब."

गिऱ्हाईकं हसली. मी चिडलो, पण बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा पडला, तेव्हा औषधाच्या बाटलीत चमचाभर खाकी कालवून दिला. साडूंनी तो शिपायाला लावला नाही. पुठ्ठ्याच्या पट्टीवर ओढला आणि रविवारी एसटीने डोंगरात जाऊन आबांना दाखवला. आबा म्हणाले, "ह्यो पोलिसाचा." सोमवारी साडू पुन्हा हजर. मी जरा पिवळा घातला. रविवारी आबा म्हणाले, "ह्यो कंडक्टरचा." मी जरा गडद केला. "ह्यो फारेष्टातल्या गार्डाचा." असे सहा रविवार गेले. ज्याच्या नजरेवर कोल्हापुरातले बंगले रंगले, त्याचा खाकी दर आठवड्याला नापास होऊन एसटीने परत येत होता. आणि साडूंना त्याचं काही नाही! ते मजेत. दर रविवारी दोघे सासरा-जावई खुर्च्या जोडून पुठ्ठा उन्हात धरून बसायचे. मला वाटायचं, मी पंप दिला, सोफा दिला, टीव्ही दिला. हा माणूस पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन जातो आणि याच्याशी आबा तासतासभर बोलतात.

दिवाळीला आम्ही सगळे गावी गेलो. सोप्यात शिरलो आणि पाहिलं, तर माझ्या टीव्हीवर सासूबाईंनी विणलेला रुमाल घातलेला, आणि रुमालावर मधोमध तो खाकीवाचून अडलेला शिपाई उभा. मी म्हटलं, "आबा, टीव्ही लावत न्हाई काय?" आबा म्हणाले, "न्हाई. तापतो. हेचं प्रायमर उडंल."

प्रायमर! हा शब्द मी त्या घरात आणलेला. मी चहाही न घेता उठलो आणि बाहेर जाऊन विहिरीच्या काठावर बसलो. पंप चांगला चालला होता. त्याच्याकडे बघून तर जास्तच संताप आला.

पुढच्या सोमवारी साडू दुकानात आले. "आबा म्हणाले, जवळ आलाय. जरा मातकट पायजे." मी डबा उघडला. खाकी घेतला. त्यात ट्रॅक्टरला मारायचा हिरवा घातला, थेंबाने नव्हे, ओतला. खिडकीच्या ग्रिलचा काळा ओतला. समोर पडली होती ती काडी उचलली आणि रागारागाने ढवळलं. जे तयार झालं ते बघून मला स्वतःला शिसारी आली. पावसाळ्यात गटार तुंबल्यावर वर येतो तसा रंग. तो बाटलीत भरला, बूच लावलं आणि म्हटलं, "हाच आबांचा खाकी. आता पुठ्ठ्यावर ओढत बसू नका. सरळ शिपायालाच लावा." मला वाटलं, बघतील, नाक मुरडतील, भांडतील. मी भांडायला तयार होतो. साडूंनी बाटली उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "बघताना वेगळा वाटतोय. पण तुमची नजर म्हणजे नजर, पावणं." आणि गेले. तेवढ्या एका वाक्यात त्यांनी मला जो चटका दिला, तो त्यांना अजून ठाऊक नाही.

पुढच्या रविवारी मीही गावी गेलो. सांगायला कारण असं, की मला आबांचा टीव्हीसोबत फोटो काढायचा होता. माझ्याकडे चांगला कॅमेरा होता, बोटीवर नोकरी करणाऱ्या एका माणसाकडून तासभर हुज्जत घालून घेतलेला. खरं कारण, मला साडूंची फजिती बघायची होती. इतक्या आठवड्यांची मेहनत गटाराच्या रंगात बुडालेली आबा बघतील, तेव्हा मला समोर असायचं होतं.

साडूंनी डबी उघडली. आबांनी चष्मा लावला, शिपाई तळहातावर घेतला आणि उठून अंगणात उन्हात गेले. आम्ही मागे. आबांनी शिपाई उलटसुलट करून पाहिला. गोठ्यात बैलाने शेपटी झटकली तेवढाच आवाज. मी साडूंच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांचा चेहरा दहावीचा निकाल लागताना पोरांचा होतो तसा झाला होता.

"ह्यो," आबा म्हणाले.

मला वाटलं, आता गटार म्हणणार.

"ह्योच. दीड म्हैना एका कपड्यावर हुतो आमी. पाऊस, चिखल, वर धुराळा. वाळायचं आनि परत भिजायचं. मग कापडाला ह्यो रंग यायचा. धुतलं तरी जायचा न्हाई." त्यांनी बोटाने शिपायाच्या खांद्याला हळूच स्पर्श केला. "ह्यो रंग हितं बसून तुमास्नी कसा घावला?"

साडू माझ्याकडे वळले. खरं बोलायची त्यांना खोड आहे. "आबा, रंग पावण्यांनी केलाय."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "त्यांचं दुकानच हाय की," ते म्हणाले. मग साडूंच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो आवाज मी आजही ऐकतो. "शाब्बास!"

आता सांगा, मी काय करायचं? रंग माझा. शाब्बासकी माझी. पण ती मागायची तर सांगावं लागलं असतं, की हा रंग मी जुळवलेला नाही. तुमच्या या जावयाची माती व्हावी म्हणून डोळे मिटून ओतलेला आहे. आयुष्यात मी कधी न मागता गप्प बसलो नव्हतो. त्या अंगणात बसलो.

मग फोटोचं निघालं. साडूंनी माझा कॅमेरा मागितला. टीव्हीचा फोटो राहिला बाजूला. सोप्यात शिपायाला रुमालावर उभं करून, फ्लॅश मारून त्यांनी अर्धा रोल संपवला. ते सगळे फोटो नंतर धुऊन आले तेव्हा त्यात शिपाई नव्हता, नुसता पांढरा धुरळा होता. पण तेव्हा हे ठाऊक नव्हतं. मग ते म्हणाले, उजेड बाहेर चांगला आहे. भाताची कापणी झाली होती. आम्ही तिघे वावरात गेलो. साडूंनी एका उंचशा ढेकळावर शिपाई उभा केला आणि स्वतः ऑफिसच्या पँटीत धसकटांवर पालथे पडले. मला म्हणाले, "पावणं, त्याच्या तोंडावर उजेड कमी पडतोय." आबांनी घरातून स्टीलचं ताट मागवलं आणि ते माझ्या हातात दिलं. उन्हाचा कवडसा शिपायावर पाडायचा, असं माझं काम ठरलं. बांधावरून चाललेला एक गडी थांबला. साडूंकडे बघून म्हणाला, "पावणं, चक्कर आली काय?"

"न्हाई, फोटू काढतोय," साडू मातीत तोंड ठेवून म्हणाले.

"कुणाचा?"

"शिपायाचा."

गड्याने रिकाम्या वावरात इकडेतिकडे पाहिलं. मग ताट धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. आणि जरा लांबून पुढे गेला.

साडू बटण दाबणार एवढ्यात आबा म्हणाले, "तितं नगा उभा करू."

"का हो आबा?"

"मागं आभाळ हाय त्याच्या. लांबनं दिसंल. बांधाच्या आडाला घ्या."

साडू उठून बसले. त्यांनी त्या शिपायाच्या बुटांवर नऊ दिवस घालवले होते. तीन केसांच्या ब्रशने बुटाच्या नाड्या काढल्या होत्या, नाडीच्या गाठीसकट. "आबा, आडाला घेतला तर बूट दिसायचे न्हाईत."

"बूट दिसत्यात म्हंजे माणूस दिसतोय. आडाला घ्या."

मी असतो तर भांडलो असतो. शिसं आहे ते, त्याला कोण गोळी घालतंय, म्हणालो असतो. साडूंनी शिपायाला उचललं आणि बांधाच्या आडाला, दोन ढेकळांच्या मध्ये ठेवलं. टोप, खांदा, बंदुकीचं टोक, एवढंच वर. मग सत्तरी ओलांडलेले आबाही धोतर सावरून साडूंच्या शेजारी पालथे झाले, त्यांनी शिपायाच्या उंचीवर डोळे आणले आणि बघत राहिले.

"शेजारच्या गावचा एक हुता," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कुणास ठाऊक. "रातभर पानी पडत हुतं. उजाडल्यावर ऊन आलं. म्हणून उठून उभा ऱ्हायला. आळस द्यायला. तेवढंच." मग थोड्या वेळाने म्हणाले, "अजून वाईच आडाला घ्या त्याला."

साडूंनी बोटाने शिपायाला आणखी थोडं मागे सरकवलं. माझ्या हातातल्या ताटाचा कवडसा त्या टोपावर होता. हात भरून आले होते, उन्हाने डोळ्यांत पाणी येत होतं. आबा वर न बघता म्हणाले, "ताट हलवू नका, पावणं." मी हलवलं नाही. कितीतरी वेळ हलवलं नाही.

रोलमधला एकच फोटो चांगला आला, पण तो असा आला की स्टुडिओवाल्यानेही विचारलं, कुठल्या लढाईचा? ढेकळांचे डोंगर झाले होते, धसकटांची जळकी झाडं झाली होती, आणि एक माणूस चिखलाच्या आडाला टेकून पुढे बघत होता. साडूंनी एक प्रत विलायतेला पाठवली आणि एक मोठी करून आबांच्या सोप्यात लावली. आल्या-गेल्याला वाटायचं, आबाच तरुणपणचे. "आबा, तुमी व्हय ह्ये?" असं कुणी विचारलं की आबा नुसते "त्यातलाच" म्हणायचे. फोटो कुणी काढला विचारलं, की थोरल्या पावण्यांनी. कॅमेरा माझा, रंग माझा, उजेड मी पाडला. फोटो मात्र थोरल्या पावण्यांनी.

मग वर्षं गेली. आबा गेले. दिवसकार्य झाल्यावर आबांच्या मुलाने, आमच्या मेहुण्याने, घरातल्या वस्तू वाटल्या. फोटो भिंतीवरच राहिला, शिपाई थोरल्या पावण्यांना मिळाला. मला टीव्ही परत मिळाला.

साडू निवृत्त झाले. मोतीबिंदू काढला, हात थरथरायला लागला, मोपेड सुटली. आता ते चालतच येतात, आणि म्हशींच्या मागे राहायचं आता खरंच कारण आहे. तीन वर्षांपूर्वी फडताळ पुसताना शिपाई खाली पडला. खांद्यावरचा रंग गेला, नखाएवढं शिसं उघडं पडलं. जिथे आबांनी बोट लावलं होतं, बरोबर तिथेच. त्या रविवारी साडू डबी घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "पावणं, तोच खाकी द्या. एक थेंब."

मी खाकी घेतला, हिरवा घातला, काळा घातला. तो रंग येईना. रागाच्या भरात ओतलेलं माणूस लिहून ठेवत नाही. तेव्हापासून दर रविवारी अर्धं शटर ओढून आम्ही दोघे बसतो. मी कालवतो, ते पुठ्ठ्यावर ओढून भिंगातून बघतात आणि मान हलवतात. "ह्यो पोलिसाचा," म्हणतात, अगदी आबांच्या आवाजात. चहा येतो. मग आंब्यापासून इटलीपर्यंत सगळं निघतं. आबा त्यांच्याशी रविवारी काय काय बोलायचे, ते आता मला एकेक करून कळतं आहे. माझ्याविषयी बोलायचे का, हे मी एकदा विचारलं. साडू म्हणाले, "बोलायचे की. म्हणायचे, धाकलं पावणं ताट चांगलं धरत्यात." मी म्हटलं, "एवढंच?" तर म्हणाले, "पावणं, आबा आणखी कुणाविषयी एवढं तरी कुठं बोलायचे?"

गेल्या महिन्यात एका पेंटरला हिरवा, काळा घालून मळकट खाकी कालवून देत होतो. काडी सापडेना म्हणून समोर पडली होती ती उचलली. ती लोखंडाला मारायच्या तांबड्या प्रायमरच्या डब्यातली होती, न पुसलेली. डब्यात काडी फिरली आणि माझा हात थांबला. हिरवा होता, काळा होता, आणि त्यात तो काडीवरचा तांबडा उतरला. डब्यात आबांनी बोट लावलेल्या त्या खांद्याचा रंग होता. त्या दिवशीच्या रागात मी काडी पुसली नव्हती, एवढंच होतं ते.

पेंटरला मी दुसरा डबा कालवून दिला. हा बाटलीत भरला, बूच ठोकून बसवलं आणि सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या डब्यांच्या मागे ठेवला. द्यायचा आहे, देणारच आहे. माणसाचं वय झालं आहे, हे मलाही दिसतं. पण दिला, की खांदा एका थेंबात रंगेल, साडू डबी बंद करतील, "शाब्बास, पावणं" म्हणतील आणि घरी जातील. त्या शब्दासाठी मी आयुष्य घालवलं, आणि आता तो फळीवर तयार ठेवलेला असताना माझा हात वर जात नाही. माल कधी सोडायचा आणि कधी अडवून धरायचा, हे मला कुणी शिकवायला नको.

या रविवारी मी त्यांना कंडक्टरचा खाकी दाखवणार आहे.